आठवीला संस्थेचं हायस्कूल की खासगी सीबीएसई? फ्लेक्सवरचा निकाल जरा बाजूला ठेवू

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत आहे आणि ती शाळा सातवीपर्यंतच आहे. पुढे दोन वाटा. एक, तीन किलोमीटरवरचं जुन्या संस्थेचं अनुदानित हायस्कूल. सेमी इंग्रजीची तुकडी आहे, फी नावापुरती. दुसरी, तालुक्याबाहेर हायवेलगत पाच-सहा वर्षांपूर्वी उभी राहिलेली खासगी सीबीएसई शाळा. व्हॅनसकट वर्षाला साठ हजारांच्या आसपास. नणंद म्हणते, ‘सरकारी शाळेत आता शिकवतंय कोण?’ मिस्टर म्हणतात, ‘मी त्याच हायस्कूलला होतो, माझं काय बिघडलं?’ तुम्हाला हवंय ते एवढंच की अभ्यासाच्या दर्जात सरस कोणती, आणि चुकलंच तर पुढे बदलता येईल का.

मी अनुदानित हायस्कूलमध्ये गणित शिकवलं, तिथूनच मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, नंतर काही वर्षं एका खासगी सीबीएसई शाळेत गणित विभाग पाहिला. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, तेव्हा दोन्हीकडच्यांचे चार शब्द ऐकून घ्यायची तयारी ठेवूनच लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. तुमच्यासमोरचं हायस्कूल सरकारी नाही. आठवी ते दहावीच्या खऱ्या सरकारी, म्हणजे जिल्हा परिषदेच्या आणि पालिकांच्या शाळा आपल्याकडे तुलनेने थोड्याच. माध्यमिक शिक्षणाचं मोठं ओझं वाहिलं ते संस्थांनी. 1884 ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी, 1914 चा नाशिकचा मराठा विद्या प्रसारक समाज, 1919 ची कर्मवीरांची रयत, आणि त्यांच्यामागून तालुक्या-तालुक्यांत उभ्या राहिलेल्या कितीतरी लहान संस्था. इमारत आणि कारभार संस्थेचा, शिक्षकांचा पगार शासनाचा. याउलट 2012 च्या कायद्यानंतर आलेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांत सगळा गाडा फीवर चालतो. आणि या दोहोंच्या मध्ये लटकलेल्या अंशतः अनुदानित शाळा आहेत, जिथे शिक्षक वीस किंवा चाळीस टक्के पगारावर ‘अनुदानाचा पुढचा टप्पा कधी’ याची वाट बघत तास घेतात. पगार कुठून येतो हे पालकांना फारसं महत्त्वाचं वाटत नाही. पण तुमच्या मुलीच्या वर्गात आठवीला आलेले गणिताचे सर दहावीपर्यंत टिकतील का, हे बरंचसं त्यावरूनच ठरतं. त्याकडे येतोच.

आता मूळ प्रश्न. ‘कोणत्या प्रकारची शाळा चांगली’ याचं उत्तर काढून तुम्हाला काही उपयोग नाही, कारण तुम्ही प्रकारात प्रवेश घेत नाही, एका शाळेत घेता. विचारायचं ते असं की मुलीला आज जेवढं येतं तिथून दहावीच्या शेवटी कोणती शाळा तिला जास्त पुढे नेऊन सोडेल. आणि इथेच लोक निकालाची टक्केवारी समोर धरतात.

त्या टक्केवारीचं काय होतं बघा. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल 2018 साली 89.41 टक्के होता. 2019 साली तो 77.10 वर आला. 2020 साली एकदम 95.30. दोन वर्षांत महाराष्ट्रातली पोरं आधी ढ झाली आणि मग हुशार झाली असं काही घडलेलं नाही. 2019 ला नवा अभ्यासक्रम होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांतले शाळेच्या हातातले वीस-वीस गुण काढून टाकले होते; पुढच्या वर्षी ते परत आले, शिवाय लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी गुण दिले गेले. शाळा त्याच, मास्तर तेच. म्हणजे अंतर्गत गुणांची खिडकी किती उघडी ठेवली यावर डझनभर टक्के इकडचे तिकडे होतात. 2025 ला राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला. जिथे शंभरातली चौऱ्याण्णव मुलं पास होतात तिथे ‘आमचा निकाल 97 टक्के’ या फ्लेक्सवरून शाळेच्या शिकवण्याबद्दल फारसं काही कळत नाही.

शंभर टक्क्यांचं तर आणखीच वेगळं. हे आमच्या लोकांना सांगितलेलं आवडणार नाही, पण सांगतो. समजा एका शाळेत नववीला 120 मुलं आहेत. त्यातली कच्ची छत्तीस मुलं नववीतच अडकवली, किंवा पालकांना बोलावून ‘याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा, नाहीतर दाखला न्या’ असं सांगितलं. दहावीला बसली 84, सगळी पास. फ्लेक्स लागला शंभर टक्क्यांचा. शेजारच्या शाळेने 120 पैकी 118 बसवली, 108 पास झाली, निकाल साडेएक्क्याण्णव. फ्लेक्सवर पहिली शाळा जिंकली, पण दुसरीने चोवीस मुलं जास्त पार लावली. हा धंदा संस्थेच्या शाळेतही चालतो आणि खासगी शाळेतही. खासगीत तो जरा सफाईने होतो: ‘तुमच्या मुलाला राज्य मंडळ सोपं जाईल’ असं गोड बोलून नववीच्या आधीच दाखला हातात दिला जातो. आमच्या हायस्कूलला दर जूनमध्ये अशी मुलं नववीला यायची.

म्हणून पहिलं काम हे करा. मागच्या वर्षी नववीला किती होते आणि यंदा दहावीला किती आहेत, हे दोन्ही शाळांत विचारा. सांगायला टाळाटाळ झाली तर केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस पोर्टलवर प्रत्येक शाळेची माहिती खुली आहे. शाळेचा अकरा आकडी यू-डायस क्रमांक लागतो, आपल्या राज्याचा 27 ने सुरू होतो. शाळेचा प्रकार, इयत्तावार पट, शिक्षकसंख्या हे सगळं तिथे दिसतं. थोडीफार गळती सगळीकडे असते, बदल्या होतात, लोक स्थलांतर करतात. पण शंभरातले वीस-पंचवीस नववी-दहावीच्या उंबऱ्यावर गायब होत असतील, तर त्या निकालाचा अर्थ लावायच्या भानगडीत पडू नका.

यावर दुसरा आक्षेप हमखास येतो: ‘पण खासगी शाळेतली मुलं जास्त हुशार दिसतातच ना?’ दिसतात. ज्या घरात साठ हजार फी परवडते, त्या घरात बहुधा आईवडील शिकलेले असतात, अभ्यासाला वेगळी जागा असते, क्लास लावलेला असतो. शाळेने त्यात किती घातलं आणि घरून किती आलं, हे नुसतं बघून वेगळं काढता येत नाही. ते वेगळं काढायचा एक चांगला प्रयत्न आंध्र प्रदेशात झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास, 2015 साली प्रसिद्ध झालेला. गावांतल्या सरकारी प्राथमिक शाळेतल्या मुलांमधून चिठ्ठ्या टाकून काहींना खासगी शाळेची फी दिली, बाकीची होती तिथेच राहिली. चिठ्ठी असल्यामुळे दोन्ही गटांची घरं सारखीच. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात दोघांत फरक नव्हता. हिंदीत खासगीवाली पुढे होती, कारण तो विषय तिथेच नीट शिकवला जात होता. आता यात माझ्या बाजूच्या लोकांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत, कारण त्या खासगी शाळा एका मुलामागे सरकारीच्या एक तृतीयांशाहूनही कमी खर्च करत होत्या, आणि तेलुगू-गणिताला वेळही कमी देऊन तिथवर पोचल्या होत्या. शिवाय हा अभ्यास प्राथमिकचा, खेड्यातल्या स्वस्त खासगी शाळांचा आहे. दहावीच्या सीबीएसई शाळेला जसाच्या तसा लावू नका. त्यातून घ्यायचं ते एवढंच की घरचा भाग वजा केला की पाटीवरच्या नावामुळे पडणारा फरक पुष्कळ आकसतो.

आपल्याकडचंच बघायचं तर कोकण विभागीय मंडळ. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोनच जिल्हे. दहावीच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात पहिले. 2025 ला 98.82 टक्के. टक्केवारीवर विसंबू नका असं आत्ताच म्हणालो, तेव्हा हा आकडाही त्याच तराजूत घाला. तरी तिथल्या बहुतेक शाळा गावच्या संस्थांच्या, साध्या, कौलारू. वर्ग लहान, आणि सरांना मुलाच्या घरी कोण कोण आहे ते माहीत. दहावीच्या गणिताला चाळीस मुलं आणि ऐंशी मुलं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे तिथे शिकवलेला कोणीही सांगेल.

तर मग बघायचं काय? माझ्या मते सगळ्यात आधी तीन माणसं: आठवी-नववीचे गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे शिक्षक. दहावीचे नव्हेत. दहावीला प्रत्येक शाळा आपला हुकमी एक्का लावते, जादा तास घेते, सराव परीक्षा घेते. शाळेचा कस लागतो आठवी-नववीत, कारण तिथे कोणी बघायला येत नाही. दहावीचं वर्गसमीकरण हे नववीच्या बहुपदींवर उभं असतं, आणि समरूपता आठवीच्या एकरूपतेवर. आठवीत त्रिकोण एकरूप का आहेत ते न कळता ज्याने ‘बाकोबा’ (बाजू-कोन-बाजू कसोटी) पाठ केलं, तो दहावीत प्रमेय पाठ करतो आणि आकृतीतली अक्षरं बदलली की बसतो.

अनुदानित शाळांचा दुखरा भाग इथेच आहे. 2012 नंतर शिक्षकभरती जवळजवळ थांबली, पुढे शासनाचं भरतीसाठीचं पवित्र पोर्टल आलं आणि भरती टप्प्याटप्प्याने सुरू झाली, पण निवृत्त होणारे आणि येणारे यांचा मेळ बसला नाही. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, पट कमी दिसला की पद गेलं. परिणाम असा होतो की विज्ञानाचे सर निवृत्त झाले, जागा भरली नाही, तास मराठीच्या बाईंकडे दिले किंवा तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक पैसे देऊन, एखादा मुलगा ठेवला जो स्वतः स्पर्धा परीक्षा देतोय. भरीला मतदारयाद्या, निवडणुका आणि रोज नवी लिंक भरा. तुमच्या नणंदेचं ‘शिकवतंय कोण’ हे अगदीच हवेतलं नाही. मात्र जिथे पद भरलेलं आहे तिथे बहुधा रीतसर बी.एड. झालेला, त्याच विषयाचा, दहा-वीस वर्षं तोच वर्ग शिकवणारा माणूस असतो, आणि तो मार्चमध्ये सोडून जात नाही.

खासगी शाळेत उलटं. जागा रिकामी राहत नाही, महिन्याभरात कोणीतरी येतं. पण टिकत नाही. तालुक्याच्या पातळीवर माझ्या पाहण्यात बी.एस्सी. बी.एड. शिक्षकाला पंधरा-वीस हजार हातात देणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत. शहरात पाच हजार जास्त मिळाले की ती व्यक्ती जाते, आणि जावंच तिने. मी ज्या शाळेत होतो तिथे एका तुकडीला सहामाहीच्या आधी एक, नंतर दुसऱ्या आणि वार्षिकच्या तोंडावर तिसऱ्या अशा गणिताच्या मॅडम झाल्या. इमारत मात्र फार देखणी होती. लिफ्टसुद्धा होती.

तेव्हा दोन्हीकडे एकच प्रश्न विचारा: ‘यंदा आठवीला गणित कोण शिकवतं, त्यांचं शिक्षण काय आणि ते इथे किती वर्षं आहेत?’ उत्तरादाखल स्मार्ट बोर्ड दाखवायला नेलं, तर समजून जा.

दुसरं, वह्या बघा. शाळेकडून नको, त्या शाळेत आठवी-नववीत शिकणाऱ्या ओळखीतल्या एका मध्यम मुलाची वही मागून घ्या. पहिल्या नंबरची नको, ती सगळीकडे सारखीच असते. गणिताची वही घ्या आणि मधली दहा पानं चाळा. सगळं सुवाच्य, एकही खाडाखोड नाही, प्रत्येक पानाखाली लाल बरोबरची खूण आणि तारीख, असं दिसलं तर ती फळ्यावरून उतरवलेली वही आहे. मुलाने स्वतः काही सोडवलेलंच नाही. शिकवल्या जाणाऱ्या वर्गातली वही थोडी मळकी असते. त्यात (a + b) चा वर्ग a वर्ग अधिक b वर्ग असा चुकीचा लिहिलेला सापडतो, त्यावर बाईंनी गोल केलेला असतो, शेजारी ‘2ab कुठे गेलं? आकृती काढ’ असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि खाली मुलाने तेच उदाहरण पुन्हा केलेलं असतं. हे शेवटचं महत्त्वाचं. चूक, तिच्यावर बोट, आणि दुरुस्ती. विज्ञानाची प्रयोगवहीही बघा. सगळ्या मुलांची निरीक्षणं दशांश चिन्हापर्यंत सारखी असतील, तर प्रयोगशाळेचं कुलूप बहुधा फक्त तपासणीच्या दिवशी उघडतं. अर्ध्या तासात या दोन वह्यांतून जेवढं कळतं तेवढं माहितीपत्रकातून कधीच कळणार नाही.

आतापर्यंतचं एका दमात: टक्केवारी पाहू नका, नववी ते दहावी किती टिकतात ते पाहा, आठवी-नववीचे तीन शिक्षक पाहा, मध्यम मुलाची वही पाहा. आता जो मुद्दा तुमच्या बाबतीत सगळ्यात जड आहे तो.

माध्यम. तुमची मुलगी सात वर्षं मराठीतून शिकली. सेमी इंग्रजीत गेली तर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. सीबीएसईत गेली तर इतिहास-भूगोलासकट सगळंच इंग्रजीतून, आणि वर्गातली बाकीची मुलं केजीपासून त्या भाषेत वाढलेली. आठवीत हा बदल जमतो का? काहींना जमतो. माझ्या पाहण्यात ज्यांना जमला ती वाचणारी मुलं होती. ज्यांना जमला नाही ती आधी सामाजिक शास्त्रांत पडली. गणितात नव्हे. गणितात आकडे हात देतात. पण नागरिकशास्त्राच्या उत्तरात चार वाक्यं स्वतःची लिहावी लागतात, तिथे मूल गप्प होतं. मग गाईड पाठ करणं सुरू होतं, आणि मराठीतून भराभर प्रश्न विचारणारी पोरगी हात वर करेनाशी होते.

हे घरीच तपासता येतं. शेजारच्या कोणाकडून सातवीचं इंग्रजी माध्यमाचं विज्ञानाचं पुस्तक आणा. तिने मराठीतून शिकलेलाच एखादा धडा उघडा, एक पान वाचायला द्या, आणि मग पुस्तक मिटून काय वाचलं ते मराठीतून सांगायला सांगा. पान कळलं पण बोलायला इंग्रजी शब्द सापडत नाहीत, तर चिंता नाही, ती एका वर्षात सावरेल. पानच कळत नसेल, ओळीओळीला अडत असेल, तर तिला एकदम पूर्ण इंग्रजीत टाकणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं. आमच्या काळी असंच शिकवायचे म्हणा, पण तेव्हा दोर धरून काका काठावर उभे असत.

सीबीएसईबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी. तुम्ही लिहिलंय की शाळा ‘सीबीएसई’ आहे. कमानीवर ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलंय की सीबीएसईची संलग्नता आहे, हे पाहून घ्या. पॅटर्न म्हणजे पुस्तकं त्यांची वापरतो, एवढंच. दहावीला मुलं बसवायचा अधिकार त्यातून येत नाही. संलग्नता क्रमांक मागा आणि सीबीएसईच्या संकेतस्थळावर पडताळा. दहावीपर्यंतची आहे का तेही बघा, कारण नवी शाळा आठवीपर्यंतच्याच परवानगीवर असू शकते. आणि शाळेच्या दोन-तीन बॅचेस दहावी झाल्या असतील तर विचारा की किती मुलं स्टँडर्ड गणिताला बसली आणि किती बेसिकला. 2020 च्या परीक्षेपासून सीबीएसईत दहावीच्या गणिताचे असे दोन स्तर आहेत. बेसिकचा पेपर सोपा, गुण चांगले दिसतात. पुढे अकरावी सायन्सला गणित घ्यायचं असेल तर स्टँडर्डच हवं असं धरून चाला. अर्धी शाळा बेसिकला बसत असेल, तर ‘सीबीएसईचा अभ्यासक्रम कठीण, पाया पक्का’ हे जे कारण सगळे देतात त्यात फारसा दम उरत नाही.

खासगी शाळेच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर मी आपल्याच घराण्याची वकिली करतोय असं वाटेल. चांगल्या खासगी शाळेत वेळापत्रक पाळलं जातं, ऑफ तास क्वचित, घटक चाचणीचा पेपर आठवड्यात तपासून हातात येतो, आणि पालकाने फोन केला तर कोणीतरी उचलतं. इंग्रजी कानावर पडतं, बोलायची भीड जाते. आमच्या हायस्कूलमधून नव्वद टक्के घेऊन बाहेर पडलेली मुलं पहिल्या वर्षी पुण्याच्या कॉलेजात तोंड उघडायला घाबरायची, हे मी पाहिलंय. वर्गात डॉक्टर, इंजिनियर व्हायचं म्हणणारी मुलं जास्त असतात, त्याचा रेटा लागतो. हे फायदे खरे आहेत. फक्त ते ‘चांगल्या’ या शब्दाला चिकटलेले आहेत.

पैशाचंही बोलू, कारण दर्जाशी त्याचा संबंध आहे. आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्तीची परीक्षा असते, आपल्याकडे पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000. सातवीला किमान 55 टक्के आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. मुद्द्याची गोष्ट ही की ती फक्त सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच देता येते. खासगी विनाअनुदानित शाळेत गेलात की हे दार बंद. उत्पन्न त्या मर्यादेत बसत असेल तर हिशेबात धरा. मुलगी असल्यामुळे एसटीचा पासही मोफत आहे. आणि साठ हजार फी भरूनही त्या शाळेतली निम्मी मुलं संध्याकाळी गणित-विज्ञानाच्या क्लासला जात असतील, तर ती साठ हजारांत नेमकं काय विकत घेताहेत हे विचारायला हरकत नाही. हायस्कूलचीही बरीच मुलं क्लासला जातात, ते वेगळं. व्हॅनमध्ये रोज जाणारा तास-दीड तास हासुद्धा खर्चच आहे. तो झोपेतून किंवा वाचनातून जातो.

आता माझं मत. तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढ्यावर, मी असतो तर मुलीला हायस्कूलच्या सेमी तुकडीत घातलं असतं. गणित-विज्ञान इंग्रजीतून होतंच, भाषेचा धक्का अर्धा होतो, विचार करायला आणि भांडायला मराठी शिल्लक राहते, सायकलने जाता येतं. वाचलेल्या साठ हजारांतले दहा-पंधरा हजार इंग्रजीवर लावा: चांगला शब्दकोश, गोष्टींची पुस्तकं, कोणीतरी रोज अर्धा तास तिच्याशी इंग्रजीतून नुसत्या गप्पा मारणारं. व्याकरणाचा क्लास नको, ते शाळेत होतं.

हे मत तीन परिस्थितींत बदलेल. हायस्कूलमध्ये गणित किंवा विज्ञानाचं पद रिकामं असेल आणि वर्षभरात भरायची चिन्हं नसतील, तर. सेमीची तुकडी कागदावर आणि शिकवणं मराठीतून, पेपर तेवढा इंग्रजीत, असं चालत असेल, तर. हे फार ठिकाणी चालतं आणि मुलांचे यात सगळ्यात जास्त हाल होतात. एका सेमीच्या मुलाला ‘विज्ञानात आज काय झालं’ एवढं विचारलंत तरी उत्तरावरून लगेच कळेल. आणि तिसरं, वर सांगितलेल्या पुस्तकाच्या कसोटीत पोरगी सहज निघाली, खासगी शाळेचे शिक्षक टिकलेले निघाले आणि फी भरताना घरात ओढाताण होणार नसेल, तर खुशाल तिकडे घाला. मिस्टरांना सांगा, त्यांच्या वेळचं हायस्कूल हा पुरावा धरू नका. तेव्हाचे मास्तर आता तिथे नाहीत. नणंदेलाही तेच सांगा, फक्त उलट बाजूने: स्वतः जाऊन हजेरीच्या वेळी वर्गात कोण उभं असतं ते बघून या.

ज्यांची मुलं आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, राखीव पंचवीस टक्क्यांतून खासगी शाळेत आहेत, त्यांच्यासाठी जाता जाता: ती सवलत आठवीपर्यंतच. नववीची फी किती, हे सातवीतच विचारून ठेवा. जूनमध्ये कळून धावपळ करणारे पालक मी दरवर्षी पाहिले.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, पुढे बदलता येईल का. येईल, पण बदलायचं तर आठवीच्या शेवटी. सीबीएसईत दहावीच्या परीक्षेसाठीची नोंदणी नववीतच होते आणि दहावीत थेट प्रवेश पालकांची बदली वगैरे ठोस कारणाशिवाय मिळत नाही. सीबीएसईकडून राज्य मंडळाकडे येणं त्यामानाने सोपं, तरी नववीत आलेल्या मुलाला मराठी आणि भूमितीची भरपाई करताना पहिली सहामाही जाते. म्हणून आठवीच्या दिवाळीत एकदा वह्या घेऊन मुलीजवळ बसा. गुणपत्रक नंतर बघा. आधी तिला त्या सहामाहीत शिकलेलं एखादं उदाहरण तुम्हाला शिकवायला सांगा, तुम्हाला गणित येत नसलं तरी चालेल. तिला ते सांगता आलं तर शाळा बदलायचं कारण नाही, मग ती कुठलीही असो. ‘सरांनी असंच सांगितलंय’ एवढंच उत्तर दोन-तीनदा आलं, तर फेब्रुवारीत दुसऱ्या शाळेत चौकशीला जा. तेव्हा तुकड्यांमध्ये जागा असतात आणि मुख्याध्यापकांना बोलायला वेळही असतो.